घरचा लिमिटर

त्रिशलाचा आवाज मी पहिल्यांदा दाबला तेव्हा ती सात वर्षांची होती.

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, संध्याकाळची आरती चालली होती. माझा भाऊ नुकताच गेला होता, वहिनी त्याच्या आधीच गेलेली, आणि पोर माझ्या पदराला धरून उभी होती. सगळ्यांचा सूर एका पट्टीत आणि हिचा त्याच्या कितीतरी वर, छताला लागून परत येणारा. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. आरतीत बोलायचं नसतं, आणि एरवीही मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. उजवा तळहात तिच्यासमोर धरला आणि हळूच खाली नेला, इतकंच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. बंद केला नाही, खाली घेतला. सात वर्षांच्या पोरीला हा फरक कळला याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

पुढं ती पोवाडे गायला लागली तरी आमची ती खूण राहिली. शाळेचं गॅदरिंग असो की तालमीचा चौक, मी मिक्सरपाशी बसायची, ती ललकारीला चढली की माझ्याकडं बघायची. तळहात स्थिर असला तर अजून वर. तळहात खाली आला की पुरे.

माझा स्टुडिओ मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत. तळमजल्यावर मुबारकभाई मुल्ला तंबोऱ्याचे भोपळे तासतात आणि संध्याकाळी त्रिशलाला ढोलकीची साथ करतात. वरच्या मजल्यावर आमच्या ह्यांनी सुरू केलेला स्टुडिओ. हे गेल्यावर मीच चालवत आले.

त्रिशला पंचवीस वर्षांची होती त्या वर्षी मोजणीपेट्या आल्या होत्या. कायदाच झाला होता. सार्वजनिक कार्यक्रमातल्या प्रत्येक कर्ण्याला एक सीलबंद पेटी जोडायची, आणि आवाज ठरलेल्या मर्यादेवर सलग तीन सेकंद राहिला की पेटीच वीज तोडणार. पोलीस नको, तक्रार नको, वाद नको. हिरवा दिवा तांबडा झाला की मंडप मुका. पहिल्याच महिन्यात दोन शाहिरांचे कार्यक्रम ऐन लढाईत बंद पडले होते आणि लोक हसत घरी गेले होते.

म्हणून लिमिटरला एकदम महत्त्व आलं. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. लिमिटरला आपण एक छत ठरवून द्यायचं. तो येणारी लाट काही सहस्रांश सेकंद आधी बघतो आणि जी छताला धडकणार असेल तिला वेळेत खाली ओढतो. ठेंगण्या दारात उभं राहून उंच पाहुण्याला "वाका हं" म्हणावं, तसलं काम. आमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लिमिटर मुळातच होता. त्याला आम्ही 'घरचा' म्हणायचो.

"आत्ती, हा मेला माझा गळा दाबतोय!" एक दिवस त्रिशलानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तिचं खोटं नव्हतं. खिंडीतल्या लढाईचा पोवाडा होता. शेवटच्या 'जी जी रं जी'ला ती चढली की घरचा लिमिटर सगळंच एकदम खाली ओढायचा. तिच्याबरोबर ढोलकीही बसायची आणि मग दोन्ही हळूहळू वर यायची. जिना चढताना एक पायरी नसावी तसं वाटायचं.

"गळा दाबत न्हाई पोरी, कान धरतोय," मुबारकभाई म्हणाले. "लई वर गेलीस की कान धरतोय. आमच्या उस्तादांनी मला जेवढं हाणलं त्याच्या निम्मंसुद्धा हा तुला हाणत न्हाई."

"चाचा, तुम्ही भोपळे तासा बघू."

"तासतोच की. भोपळ्याला तरी कळतं कुठं थांबायचं ते. जास्त तासला की फुटतोय."

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. "आत्ती, 'मखमल' घेऊया ना. सगळ्यांनी घेतलाय."

मखमल हा बाहेरून जोडायचा लिमिटर, बंगळूरच्या एका नव्या कंपनीनं केलेला. तो लाट नुसती खाली ओढायचा नाही. गायकाचा आवाज आधी तीस तास ऐकून तो त्याचा साचा मनात बांधायचा: ही बाई 'आ' कसा लावते, चढताना कुठं कंप येतो, श्वास कुठं घेते. मग छताच्या वर जाणारा तुकडा आला की तो सरळ कापून टाकायचा आणि त्या जागी साच्यातून नवा तुकडा बसवायचा, गायकाचाच, पण छताखाली नीट मावणारा. दोन सहस्रांश सेकंदांत. फाटलेल्या लुगड्याला त्याच सुताचं रफू.

मी दोन्ही एकामागोमाग लावून ऐकले. दोन्हींची पातळी सारखी करून घेतली, कारण मोठा आवाज माणसाला नेहमी चांगलाच वाटतो आणि तुलना फसते. घरच्यामध्ये पायरी चुकत होती. शिवाय अगदी टोकाला तिच्या आवाजात एक खरखर होती, ओल्या लाकडावरून कानस फिरवल्यासारखी. मखमलमध्ये पायरीही चुकत नव्हती आणि खरखरही नव्हती.

ती खरखर गेली कुठं, असं माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. मखमल घेतला.

आषाढात चतुर्दशीला मी चातुर्मासाचे नेम घेते. पाणी गाळून घेणं आणि दिवस मावळायच्या आत जेवणं हे तर बारा महिन्यांचं. चातुर्मासात त्यात क्षेत्राची मर्यादा येते. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतूंची गर्दी असते, आपल्या फिरण्यानं त्यांची हिंसा होते, म्हणून चार महिने आपल्या वावराला कुंपण घालायचं. आमच्या सासूबाईंची मर्यादा होती कृष्णा नदी. अंकलीच्या पुलापलीकडं पाऊल टाकायचं नाही. त्या गेल्यावर तीच मी पुढं चालवली. बावीस वर्षं एकदाही मोडली नाही.

त्या वर्षी गणपतीत त्रिशलाचे अकरा कार्यक्रम ठरले आणि अकराच्या अकरा नदीपलीकडे. जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर.

"पूल ओलांडला की वीस मिनिटं गं आत्ती. ये की."

"नेम आहे बाळा."

"मला ठाऊक आहे नेम आहे ते. पण मग माझ्यासमोर हात कोण धरणार?"

मी देवपूजेसाठी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मखमल आहे की."

हे वाक्य मी बोलले. नंतर रोज संध्याकाळी दिवसभराच्या दोषांची आलोचना करायला बसले की सगळ्यात आधी हेच आठवतं.

आणखी एक गोष्ट मी केली, ती तर बोटानं केली. रंगमंचावरचा गायक कानात बोंडं घालून स्वतःचा आवाज ऐकतो, कारण कर्ण्यांच्या गदारोळात नुसत्या कानाला काही कळत नाही. बाहेर लोकांना काय ऐकू जावं आणि गायकाच्या कानात काय जावं हे मिक्सरवर वेगवेगळं ठरवता येतं. बाहेर मखमल आणि कानात घरचा, असं सहज करता आलं असतं. दोन बटणं शेजारी शेजारीच होती. मी तसं लावलंही होतं. त्रिशलानं दोन ओळी म्हटल्या आणि तोंड वाकडं केलं.

"कानातही तेच दे ना. आपलाच आवाज ऐकून आपलंच मन मोडतंय."

तिचं मन मोडू नये म्हणून मी दुसरं बटण दाबलं.

कार्यक्रम सुरू झाले. आमचं दशलक्षण पर्वही त्याच दिवसांत येतं. दिवसभर बस्तीत पूजा, प्रवचन, एकवेळचं जेवण. संध्याकाळचं सामायिक, म्हणजे ध्यान, आटोपलं की मी स्टुडिओतल्या पडद्यासमोर बसायची. तिकडचं मिक्सर इथून दिसायचं, हलवताही यायचं. मखमलच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा असायचा, 'भरपाई'. गायकाचा किती आवाज कापून त्या जागी साच्यातला बसवला, त्याचे शेकडा किती.

पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी सहा. पाचव्या दिवशी सतरा.

कार्यक्रम संपला की तिचा फोन यायचा. धाप लागलेली, खूश. "आत्ती, आज काय सुटला होता आवाज! नुसतं लोणी. कुठं अडतच नाही बघ."

आकडा तिला दिसत नव्हता, मला दिसत होता. सांगायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी बस्तीत उत्तम सत्यावर प्रवचन झालं होतं. बोलावं ते हिताचं असावं, मोजकं असावं आणि प्रिय असावं. मी ते लहानपणापासून पाळत आले, लोक मला मृदू म्हणतात ते त्यामुळंच. पण हित आणि प्रिय यांची गाठ सुटली की कुठलं धरायचं, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. माझ्या हाताला नेहमी प्रियच लागत गेलं.

"छान झालं," मी म्हणाले. "गरम पाणी पी."

सातव्या दिवशी मुबारकभाई दुकानातून वर आले. साथीशिवाय जिना चढून कधी न येणारा माणूस.

"ताई, एक सांगू का? पोरगी शेजारी बसून ऐकली की येगळी ऐकू येती आणि कर्ण्यातनं येगळी. मी तिच्यापास्नं दोन हातावर बसतोय. तिच्या तोंडातनं वारं निघतंय, ताई. आणि कर्ण्यातनं घंटा."

"तिला काही सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, चाचा, तुमचे कान म्हातारे झाले. झालेच आहेत, त्यात काय. पण म्हातारे कान खोटं ऐकत न्हाईत. कमी ऐकतात. तुम्ही येता का एकदा? तुम्ही हात केला की ऐकती ती."

"पर्व संपू दे," मी म्हणाले. "मग बोलते तिच्याशी."

आकडा एकतीसवर गेला होता.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी इचलकरंजीचा कार्यक्रम होता. खिंडीतली लढाई शेवटाला आली होती. पडद्यावर तिची हिरवी रेघ सरळ चालली होती, छताला चिकटून. एकदम भरपाईचा आकडा एकतीसवरून अठ्ठ्याऐंशीवर गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, नेटवर्क बिघडलं. आवाज तर स्वच्छ येत होता. चार मिनिटं तिनं ललकाऱ्या दिल्या, एकही पायरी न चुकता. मंडपात टाळ्या, शिट्ट्या, 'वन्समोअर'. मीही इथं एकटीच खोलीत हसले.

पुढचं मला मुबारकभाईंनी सांगितलं. ती हसतच विंगेत आली. कानातली बोंडं काढली आणि पाणी मागायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिला वाटलं, आपलेच कान बसले. पुन्हा मागितलं. ओठ हलले आणि नुसती हवा आली. मग तिनं मुबारकभाईंकडं बघितलं आणि गळ्याला हात लावला.

लढाईच्या शेवटच्या चार मिनिटांत तिच्या स्वरतंतूत रक्त उतरलं होतं. ती गात नव्हतीच. ती ओठ आणि श्वास देत होती आणि तिचा साचा गात होता. मंडपातल्या पाच हजार माणसांना ते कळलं नाही. मला कळलं नाही. आणि तिला स्वतःलाही कळलं नाही.

सांगलीच्या घशाच्या डॉक्टर, रेणुका आरवाडे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पडद्यावर त्यांनी स्वरतंतू दाखवले. दोन पांढऱ्या पट्ट्या असायला हव्यात. एक पांढरी होती, दुसरी डाळिंबासारखी.

"माणूस गळ्यानं गातो असं आपल्याला वाटतं," त्या म्हणाल्या. "खरं तर तो कानानं गातो. गळ्यातून काय निघालं ते कान ऐकतो, मेंदूला कळवतो आणि मेंदू गळ्याला सांगतो, जरा सैल सोड, जरा घट्ट धर. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं. कानात मुद्दाम थोडा वरचा सूर दिला तर गायक नकळत खाली येतो, इतकं ते पक्कं असतं. आता हिच्या कानात काय गेलं? गळा कितीही ताणला तरी 'सगळं छान आहे' एवढंच. गळा फाटत होता, कान लोणी ऐकत होता. मेंदूनं कान खरा मानला. तो नेहमी मानतो."

"आधी एक साधा लिमिटर होता," मी म्हणाले. "त्यात आवाज एकदम बसायचा."

"ऐकायला वाईट वाटायचं ना?"

"हो."

"वाईट वाटलं की ती खाली यायची."

त्या मला दोष देत नव्हत्या, डॉक्टरांच्या सवयीनं गोष्ट पुरी करत होत्या. घरी येताना रिक्षात मला मुबारकभाईंचं 'कान धरतोय' आठवत राहिलं.

पर्व संपल्यावर क्षमावणी येते. त्या दिवशी आम्ही घरोघर जाऊन, लहानमोठं न बघता, सगळ्यांची क्षमा मागतो. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ठरलेले शब्द आहेत. शेजारणीला म्हटले, दूधवाल्याला म्हटले. मग दवाखान्यात त्रिशलाच्या खाटेशी गेले. तिला सहा आठवडे एक शब्द उच्चारायची मनाई होती, हातात पाटी दिली होती.

मी हात जोडले. "कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी, बाळा."

तिनं पाटीवर लिहिलं आणि माझ्याकडं वळवली.

'कशाबद्दल?'

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. क्षमावणीला कुणी विचारत नाही. 'असू दे' म्हणतात आणि हातावर साखर ठेवतात.

मी स्टुलावर बसले. तिला भरपाईच्या आकड्याबद्दल सांगितलं. चार, सहा, सतरा, एकतीस. कुठल्या दिवशी कुठला ते सांगितलं. मुबारकभाई वर आले होते ते सांगितलं. दोन बटणांचं सांगितलं. तिनं पाटी पुसली, बराच वेळ कोरी धरून ठेवली, मग उशाखाली सरकवली आणि भिंतीकडं वळली. त्या दिवशी तिनं मला क्षमा केली नाही. नंतर केली असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

हिवाळ्यात तिला आवाज आला, पण तिचा नव्हे. जाडसर, मध्येच तुटणारा, वरचं अर्धं सप्तक कायमचं गेलेलं. रक्त जिरलं तिथं व्रण राहिला होता. डॉक्टर आरवाडे म्हणाल्या, "रोज अर्धा तास, उघड्या कानानं, हळू आवाजात गा. कानाला नव्या गळ्याची ओळख होऊ दे. दोन वर्षांत निम्मा आवाज परत येईल. रंगमंच नाही, पण आवाज तुमचा असेल."

मी तिला घरचा लिमिटर लावून दिला. जरा वर गेली की तो बसायचा आणि ती थांबायची. चार महिने तिनं केलं. खालच्या मजल्यावर मुबारकभाई तिचा सूर ऐकून तंबोऱ्याची तार उतरवून घ्यायचे आणि खालूनच ओरडायचे, "पोरी, काळी दोनची पट्टी लागली बघ आज!" ती हसायची. हसण्यात मात्र जुना आवाज अधूनमधून सापडायचा.

जेठात मखमलची नवी आवृत्ती आली. आधीचा वरून दाबायचा, हा खालूनही उचलायचा. गायकानं नुसतं कुजबुजलं तरी साचा त्याला त्याच्या चांगल्या दिवसांच्या पूर्ण आवाजात भरून काढणार. छत आणि जमीन दोन्ही तोच धरणार. बंगळूरहून त्रिशलाला पत्र आलं. तिचा साचा त्यांच्याकडं होता, तीस तासांचा आणि वर गणपतीतल्या कार्यक्रमांचा. तिनं फक्त ओठांशी गायचं, गळ्याला ताण नाही.

ती पत्र घेऊन स्वयंपाकघरात आली. "इचलकरंजीच्या मंडळानं विचारलंय. हो म्हणणार आहे मी."

"नको," मी म्हणाले.

माझाच आवाज मला मोठा वाटला. तीसुद्धा दचकली.

"नको, त्रिशला. एकदा तो कानात गेला की हा आवाज तुला आपला वाटायचा नाही. डॉक्टर म्हणाल्या ना? चार महिन्यांचं सगळं जाईल. दोन वर्षं थांब. निम्मा येईल, पण तुझा येईल."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. खरखरत्या आवाजात, मध्ये श्वास घेत म्हणाली, "निम्म्या आवाजात पोवाडा होतो का गं आत्ती? अंगाईगीत होतं. मला लोकांसमोर उभं राहायचंय. माझा आहे की दुसऱ्याचा, ते बघत बसायला मला दोन वर्षं नाहीत. मी सव्वीस वर्षांची आहे."

"पण ते खोटं आहे."

"खोटं असेल." तिनं पत्राची घडी घातली. "हे 'नको' गेल्या वर्षी म्हणायचं होतंस. तेव्हा मी ऐकलं असतं."

दुधाला उकळी आली होती. तिनंच गॅस बंद केला.

आषाढात बस्तीत आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या जैन साध्वी, चातुर्मासासाठी आल्या. नेम घ्यायला त्यांच्यासमोर बसले तेव्हा मी सगळं सांगितलं. नदी, पूल, अकरा कार्यक्रम.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "नदीची मर्यादा कुणी घातली?"

"सासूबाईंची होती."

"त्यांची असेल. त्यांचं कोण होतं नदीपलीकडं?"

"कुणी नाही."

"मर्यादा आपली आपण ठरवायची असते. विचार करून. एकदा ठरवली की पाळायची. तू ती घेतली नव्हतीस, मुली. तुला मिळाली होती."

मला रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. बावीस वर्षांत दरवर्षी नव्यानं नेम घेताना ते कुंपण दहा कोस पुढं सरकवणं माझ्याच हातात होतं. त्यात काही मोडलं नसतं. मी कधी विचारलंच नाही. जे लावून मिळालं होतं तेच ठेवलं.

त्या वर्षीची मर्यादा मी इचलकरंजीपर्यंत घेतली.

गणपतीतल्या त्या संध्याकाळी मी दिवस असताना जेवून निघाले. पूल ओलांडताना खाली कृष्णा तांबडी, भरून चालली होती. मंडपात मिक्सर माझ्या ताब्यात दिलं. मुबारकभाईंनी ढोलकी आवळता आवळता माझ्याकडं बघून मान हलवली.

त्रिशला आली. केशरी फेटा, हातात डफ, कानात बोंडं. पहिल्याच ओळीला मंडप उभा राहिला. वर्षापूर्वीचा तोच आवाज, तसाच भरदार, कोवळा, चोवीस-पंचविशीतला. भरपाईचा आकडा शंभर होता. मी पडद्यावरून नजर काढली आणि तिच्याकडंच बघत राहिले. मी पुढ्यात आहे हे तिला दिसलं होतं. ती माझ्याकडं बघूनच गात होती, लहानपणी गायची तशी.

खिंड आली. ललकारी सुरू झाली. आणि मला दिसलं की ओठांशी गायचं ठरलेलं ती विसरली आहे. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. जुन्या सवयीनं ती खरंच चढायला लागली होती, त्या व्रण पडलेल्या गळ्यानं, कानातलं लोणी ऐकत.

मी उभी राहिले. उजवा तळहात तिच्यासमोर धरला आणि हळूच खाली नेला.

तिनं बघितलं आणि लगेच खाली घेतलं. खांदे सैल पडले, मानेच्या शिरा बसल्या, ओठ जेमतेम हलायला लागले. सात वर्षांच्या पोरीनं घेतला होता तसा तिनं आपला आवाज खाली घेतला.

कर्ण्यांतून ललकारी तशीच वर चढत राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. मोजणीपेटीवरचा दिवा हिरवाच होता. तिचे डोळे माझ्या हातावर होते, अजून खाली घेऊ का, असं विचारत. आणि माझा हात तिथंच हवेत राहिला, कारण त्याच्यापुढं काय करायचं याची आमच्यात काही खूण नव्हती.